समुद्र नसलेल्या गावचा तांडेल

नाशिकला समुद्र नाही. तरीही गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून मुलांचं एक नाविक विद्यालय होतं आणि तिथे मी बरीच वर्षं गणित शिकवलं. हे सांगितलं की आताची पोरं हसतात. तेव्हाही लोक हसायचेच. पंचवटीत माझ्या शेजारी राहणारे भटजी सकाळी मला स्कूटर बाहेर काढताना पाहिलं की विचारायचे, "काय सर, जहाज आज त्र्यंबकपर्यंत जाणार का?"

विद्यालय काढलं ते नौदलातून निवृत्त झालेल्या एका कॅप्टनसाहेबांनी, साठच्या दशकात. किनाऱ्यावरच्या पोरांना समुद्र जन्मतःच मिळतो, घाटावरच्या पोरांना तो कुणीतरी मिळवून द्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ट्रस्ट केला, सरकारकडून माळरान मिळवलं आणि मोडीत निघालेल्या एका जहाजाची डोलकाठी ट्रकवर लादून कसारा घाट चढवून आणली. ती मैदानाच्या मधोमध उभी केली. आठवीपासून मुलं यायची. शाळेचा अभ्यास तर होताच, शिवाय पोहणं, होडी वल्हवणं, शिडं बांधणं, दोरांच्या गाठी, निशाणांची भाषा. वसतिगृहाच्या मजल्याला डेक म्हणायचं आणि स्वयंपाकघराला गॅली. शनिवारी पांढऱ्याशुभ्र गणवेशात मुलं रांगेत उभी राहिली की मागे धरणाचं निळं पाणी आणि वर ती डोलकाठी. खरंच वाटायचं, आता हे माळरान हलणार आणि निघणार.

मी लागलो तोवर कॅप्टनसाहेब वारले होते. कर्मचाऱ्यांत खरा समुद्र पाहिलेला माणूस एकच उरला होता, रावजी बच्छाव.

रावजी मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. मोसम नदीच्या काठी वाढलेलं पोर अठराव्या वर्षी नौदलात भरती झालं, युद्ध पाहिलं, पंधरा-वीस वर्षं पाण्यावर काढली आणि निवृत्त होऊन या धरणाकाठी आलं. त्यांचा हुद्दा निदेशक असा होता, पण सगळे त्यांना तांडेल म्हणायचे. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. बुटका, रुंद छातीचा माणूस, आवाज असा की पलीकडच्या गावातली गुरं मान वर करायची. बोलण्यात नौदलातली हिंदी, शाळेतली मराठी आणि रागावले की घरची अहिराणी. बायको लताबाई, मुलगी संध्या. संध्याचं लग्न होऊन ती ओझरला गेलेली, जावई तिथल्या विमानांच्या कारखान्यात. आवारातल्या दोन खोल्यांत हे दोघंच राहायचे आणि दुपारी मुलांची रांग लताबाईंच्या लोणच्यासाठी लागायची.

त्र्याण्णव साली रावजी नामपूरला एका लग्नाला गेले. त्यांचे लांबचे चुलतभाऊ मोतीराम तिथे राहायचे. कांद्याची चांगली शेती, बाजार समितीत ओळख, घरात खाऊन-पिऊन सुख. त्यांचा एकुलता मुलगा लखन तेव्हा सातवी झालेला. लग्नाच्या मांडवात तो पोरगा एकसारखा रावजींच्या मागे फिरत होता. जहाज बुडत कसं नाही, रात्री दिशा कशी कळते, माणसं झोपतात कुठं. रावजी खुलले. परत निघताना मोतीरामना म्हणाले, "दादा, हा पोरगा मला द्या. चार वर्षांत माणूस करून देतो."

मोतीराम तयार झाले. लखनच्या आईला, भिमाबाईला ते पटेना. तिने सगळ्या आयुष्यात मोसम नदीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "लई जा. पन जसा लई जाशात, तसाच मांगे आनी द्या." घेऊन जा, पण जसा नेताय तसाच परत आणून द्या.

"आणून देतो वहिनी," रावजी म्हणाले. "माझी जबाबदारी."

असं माणूस सहज बोलतो. एस.टी. सुटायची वेळ झालेली असते.

लखनला पोहता येत नव्हतं. पहिले दोन महिने तो कमरेएवढ्या पाण्यात नुसता उभा असायचा आणि रावजी काठावरून ओरडायचे. मग एक दिवस ओरडणं थांबवून ते स्वतः कपड्यांनिशी पाण्यात उतरले, त्याला पाठीवर झोपवलं, मानेखाली एक हात धरला आणि म्हणाले, "आभाळ बघ. बाकी मी बघतो." हात कधी काढून घेतला ते लखनला कळलंच नाही. तिसऱ्या वर्षी तोच लखन होडीच्या शर्यतीत सगळ्यात पुढच्या वल्ह्यावर बसायचा.

शहाण्णवच्या वार्षिक समारंभाची मला चांगली आठवण आहे. त्या दिवशी मुलं डोलकाठीवर चढून आडव्या काठ्यांवर ओळीने उभी राहायची आणि सगळ्यात वर, ताटाएवढ्या लाकडी चकतीवर, एकटा एक मुलगा. खाली जाळं असायचं. त्या वर्षी वर लखन होता. नामपूरहून त्याचे आईवडील आले होते. मोतीराम शेजारच्या प्रत्येकाला सांगत होते, "तो वरचा आमचा." भिमाबाई मात्र डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून खाली बघत बसलेली. वरून लखनने सलाम ठोकला, टाळ्या झाल्या, मुलं उतरली. लताबाईंनी तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, "उतरला हो. बघा आता." तेव्हाच तिने मान वर केली.

पुढच्या वर्षी लखनला मालवाहू जहाजावर काम मिळालं. विद्यालयातून बाहेर पडलेली मुलं पांगत जायची, पण हा रविवारी नामपूरच्या एस.टी.डी. बूथवर फोन करायचा आणि कधीमधी विद्यालयातही. फोन ऑफिसात यायचा. रावजी मैदानावरून धावत येऊन रिसीव्हरमध्ये ओरडायचे, "कुठे आहेस? कोणतं पाणी?" लखन पलीकडून बंदराचं नाव सांगायचा आणि रावजी डोळे मिटून मान हलवायचे. ते बंदर त्यांनी पाहिलेलं असायचं.

नव्याण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात वादळ झालं. त्यात लखनचं जहाज कलंडलं. बरीच माणसं वाचली. त्यांतल्या एकाने नंतर सांगितलं की लखन शेवटची होडी सोडवायला मागे गेला होता, लाट आली आणि तो दिसेनासा झाला. शोध झाला. काही मिळालं नाही.

कंपनीच्या माणसाने फोन केला तो विद्यालयात. रावजींनीच घेतला. बातमी ऐकून ते ऑफिसाच्या पायरीवर बसले, मग उठून माझ्या वर्गाच्या दारात आले. "सर, माझ्याबरोबर नामपूरला चला," एवढंच म्हणाले. "एकट्याने जमणार नाही."

एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. सटाणा गाव मागे पडलं. पुढे म्हणाले, "वहिनीला आधी पाणी द्यायचं, मग सांगायचं. नाहीतर आधी सांगायचं?"

नामपूरला कांद्याचा लिलाव चालू होता. ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यापर्यंत आलेल्या, त्यातून वाट काढत आम्ही घरी पोचलो. मोतीराम बाजार समितीत होते. भिमाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. आम्हा दोघांना अवेळी बघून तिने सूप बाजूला ठेवलं. पाणी कुणी दिलं नाही, कुणी मागितलं नाही. रावजींनी सांगितलं. ती रडली नाही. रावजींच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्ही आनी देवाव व्हतात."

तुम्ही आणून देणार होतात.

रावजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. मोतीराम धावत आले, गाव जमलं, रडारड झाली, अंधार पडला. कुणीतरी त्यांना बसा म्हणालं तेव्हा ते बसले.

पुढे प्रश्न आला क्रियाकर्माचा. मोतीरामना ते उरकायचं होतं. भिमाबाई ऐकेना. माणूस बघितला नाही, माती बघितली नाही, मग कसले दिवस घालताय? दोन महिने घरात चूल नीट पेटली नाही. शेवटी मोतीरामनी रावजींना बोलावून घेतलं. या खेपेलाही मी गेलो. भिमाबाई रावजींना म्हणाली, "मला तो समुद्र दाखवा. मग काय ते सांगते."

श्रावण सरता सरता आम्ही चौघं निघालो. रावजी, लताबाई, भिमाबाई आणि मी. नाशिकहून जव्हारवरून डहाणूला जाणारी एस.टी. धरली. घाटात भातखाचरं हिरवीगार, धुकं, पावसाची भुरभुर. भिमाबाई समोरच्या दांड्याला घट्ट धरून बसली होती. डहाणूला उतरून आम्ही चालत किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं संपली आणि समोर पाणी आलं. मातकट, खवळलेलं, आभाळाला टेकलेलं.

ती थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग रावजींना विचारलं, "याना दुसरा काठ कोठे शे?"

"दुसरा काठ नाही वहिनी," रावजी म्हणाले. "म्हणजे आहे, पण फार लांब. तिकडे परका मुलूख."

"आनी खाली?"

"खोल आहे."

"मना लखन आठे शे?"

रावजी पाण्याकडे चालू लागले. लताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच भिमाबाईचा हात धरून म्हणाल्या, "हो ताई. इथंच कुठंतरी."

भिमाबाई वाळूत बसली आणि तिथे पहिल्यांदा रडली. तिचा आवाज वाऱ्यात आम्हाला नीट ऐकूही येत नव्हता, नुसती पाठ हलताना दिसत होती. रावजी लांब पाण्यात गुडघाभर उभे राहिले होते, आमच्याकडे पाठ करून. ज्या पाण्याने त्यांना पोसलं, त्याच्याकडे ते कसं बघत होते ते मला दिसलं नाही.

परत येताना तिने सांगितलं, "करा काय करायचं ते."

पंचवटीत, आमच्या शेजारच्या भटजींनीच विधी सांगितला. पूर्वी जहाजावरून माझी चेष्टा करणारे ते गृहस्थ त्या दिवशी अगदी हळू बोलत होते. देह नसला की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करतात. भटजी दर्भ रचू लागले तेव्हा मोतीराम म्हणाले, "रावजी, तू बांध." रावजी खाली बसले. त्यांनी दर्भाचे हात बांधले, पाय बांधले, छातीवर दोर फिरवला. एक गाठ तीनदा सुटली. रामकुंडावर राख सोडून झाल्यावर भिमाबाई रावजींपाशी आली. तिची बोली मला पुरती येत नाही, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ करणार नाही. करता येत नाही मला. पण तुम्ही येत जा. तुमच्याकडे तो चार वर्षं होता, ती मला माहीत नाहीत. ती येऊन सांगत जा."

त्यानंतर दर वर्षी, पावसाळा सरला की रावजी नामपूरला जायचे.

विद्यालयाचे दिवस तेव्हा भरतच आले होते. नोकरीच्या नियमांत बदल झाले, आमच्या प्रमाणपत्राला पूर्वीसारखी किंमत राहिली नाही. ट्रस्टच्या मंडळींत दोन तट पडले. शहरातल्या पालकांना आता कॉम्प्युटर हवा होता. रावजींनीही एक गोष्ट केली. डोलकाठीच्या टोकावर मुलगा चढवायला त्यांनी साफ नकार दिला. प्राचार्य म्हणाले, "तांडेल, समारंभात लोक तेच बघायला येतात." रावजी म्हणाले, "मग लोकांना चढवा." तेव्हापासून समारंभात मुलं अर्ध्यापर्यंतच चढायची. चकती वर रिकामी असायची.

दोन हजार दोनमध्ये शेवटची तुकडी गेली. निशाण उतरवताना बिगूल वाजवणारा मुलगा मधेच अडखळला आणि कुणी हसलं नाही. मी शहरातल्या एका शाळेत लागलो. रावजी आणि लताबाई आवारातच राहिले, राखणदार म्हणून. वसतिगृहाची दारं चोरीला गेली, होड्या उन्हाने तडकल्या, गॅलीत वटवाघळं राहायला आली. दोन वर्षांनी जागा विकली गेली. आजूबाजूला द्राक्षाचे मळे आणि रिसॉर्ट येऊ लागले होते, तिथेही तेच होणार होतं. डोलकाठी गॅस कटरने कापून भंगारात घातली. रावजी त्या दिवशी बघायला थांबले नाहीत. संध्या रिक्षा-टेम्पो घेऊन आली होती, मागे सामानावर बसून ते आणि लताबाई ओझरला गेले.

ओझरला ते गप्प झाले. डोक्यावरून विमान गेलं तरी वर बघायचे नाहीत. लताबाई दोन हजार पाचमध्ये गेल्या. नामपूरची वारी मात्र चुकली नाही. गुडघे धरले होते म्हणून मी सोबत जायचो.

ओट्यावर बसून रावजी सांगायचे. लखन पहिल्यांदा तरंगला तो दिवस. शर्यतीत वल्हं मोडलं तो दिवस. रात्री घरची आठवण येऊन तो लताबाईंच्या दारात येऊन बसायचा ते. भिमाबाई कांदे निवडत ऐकायची, मधेच विचारायची, "मंग?" मोतीराम आत पडून ऐकायचे.

एका वर्षी रावजींनी एक नवी गोष्ट सांगितली. लखनने म्हणे कुत्र्याचं पिल्लू वसतिगृहात लपवलं होतं, आपल्या वाटणीचं दूध त्याला पाजायचा आणि तपासणीच्या वेळी त्याला होडीत ठेवायचा. भिमाबाईने पूर्ण ऐकलं. चहा दिला.

परतीच्या एस.टी.त मी म्हणालो, "तांडेल, ते पिल्लू संगमनेरच्या पोराने आणलं होतं. त्या आठवड्यात वसतिगृहावर मीच होतो."

"ठाऊक आहे मला," रावजी म्हणाले. खिडकीबाहेर बघत होते. "काय करू सर? माझ्याकडचा लखन संपला. चार वर्षांत पोरगा असा किती लक्षात राहतो? शंभर पोरं असायची. मला काय माहीत होतं, याचंच सगळं लक्षात ठेवायला पाहिजे म्हणून?"

त्यानंतर दोन वर्षं ते असंच सांगत राहिले. कधी साताऱ्याच्या मुलाचं, कधी मालेगावच्या. मी शेजारी बसून माना डोलवायचो.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात नाशकात मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या महिन्यात रावजी ओझरला झोपेतच गेले. संध्याने मला विचारलं, "नामपूरला कोण कळवणार?" मी जातो म्हणालो.

भिमाबाई एकटीच होती. मोतीराम आधीच्या वर्षी वारले होते. मी सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बिचारा. थकला व्हता सांगून सांगून."

मी ओट्यावर टेकलो.

"ते कुत्र्याचं लखनचं नव्हतं," ती म्हणाली. माझ्याशी ती मोडक्या मराठीत बोलायची. "लखनला लहानपणी कुत्रं चावलं व्हतं. पोटात सुया घेतल्या. तो कुत्र्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाय."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? कोणाचं तरी पोरगं व्हतं ना ते. बरं वाटायचं."

मी उठायला लागलो तेव्हा तिने हाताने खूण करून बसवलं. "सर, तुम्ही पण व्हते ना तिथं? तुम्ही गणित शिकवायचे त्याला."

हो म्हणालो. पण माझ्याकडे काय होतं? तिसऱ्या बाकावरचा एक उंच, सावळा मुलगा. हुशार म्हणावा असा नाही, ढही नाही. समोर कांद्याचा ढीग पडलेला, त्याच्या पापुद्र्यांची धूळ उन्हात उडत होती. तेव्हा एकदम आठवलं.

"त्याला शिंका फार यायच्या," मी म्हणालो. "एक आली की थांबायच्याच नाहीत. मी फळा पुसायला लागलो की याचं सुरू. सगळा वर्ग जोरात मोजायचा. मी रागवायचो, आणि शेवटी मीसुद्धा हसायचो."

मग तिच्या तोंडावर पदर गेला आणि मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"खळ्यावर बी असंच," ती म्हणाली. "त्याचा बाप म्हणायचा, याला कांद्यात आणू नको, सगळे व्यापारी पळतील." हसता हसता तिचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. "पोरं मोजायची? जोरात?"

"जोरात."

तिने समोरचं सूप बाजूला सारलं आणि नीट मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."